‘निरंक’ अहवालातली समता : नागरिकशास्त्र जातीचे नाव का घेत नाही?

महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचली जाते. २६ जानेवारी २०२० पासून राज्य सरकारने त्यासाठी खास मोहीम सुरू केली. त्याचे स्वागत आम्हीही केले, आणि उद्देशिकेच्या वाचनाला विरोध करणारा आंबेडकरवादी शोधूनही सापडणार नाही. प्रश्न वाचनाचा नाही, वाचून झाल्यानंतरच्या पाच तासांचा आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मुलांच्या तोंडी बसले म्हणजे नागरिकत्वाचे शिक्षण झाले का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. ज्या भेदभावाने या देशातल्या कोट्यवधी माणसांचे नागरिकत्व पिढ्यान्‌पिढ्या हिरावून घेतले, त्याचे नाव न घेता दिलेले नागरिकत्वाचे शिक्षण हे आज्ञाधारकपणाचे शिक्षण असते. ते मुलांना रांगेत उभे राहायला शिकवते. रांगेत आपल्याला शेवटी का उभे केले, हे विचारायला शिकवत नाही.

हे आम्ही पुस्तकी माहितीवर लिहीत नाही. तालुक्याच्या गावी, विहारात, दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा वर्ग आम्ही घेतो. अनुच्छेद १७ कशाबद्दल आहे, असे विचारले की सगळे हात वर जातात. ‘अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे,’ हे उत्तर एका सुरात येते. मग आम्ही विचारतो, ‘तुमच्या शाळेत?’ की हात खाली येतात. एकदा एका मुलीने उत्तर न देता वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले : ‘त्या मुली माझ्या बाटलीतलं पाणी पीत नाहीत. सर, याला अस्पृश्यता म्हणायचं का?’ तिला अनुच्छेदाचा क्रमांक पाठ होता. पण तिच्यासोबत घडत होते त्याला काय म्हणायचे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. कारण पुस्तकातली अस्पृश्यता भूतकाळात होती आणि तिची बाटली वर्तमानकाळात.

‘आमच्याकडे असं काही नाही’

याच मुलांकडून आम्हाला दुसरी गोष्ट कळली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ आली की भर वर्गात पुकारा होतो, ‘सवलतवाले उभे राहा.’ निम्मा वर्ग बसलेला, निम्मा उभा. उभ्या असलेल्यांकडे बसलेले कसे पाहतात, हे ज्याने एकदा तरी अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. आमच्यापैकी बहुतेक जण असेच उभे राहून मोठे झालो. तीस वर्षांत अर्ज ऑनलाइन झाले, पुकारा मात्र तोच राहिला.

चार पालकांना घेऊन आम्ही त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘आमच्या शाळेत जातपात अजिबात नाही. आम्ही रोज उद्देशिका वाचून घेतो.’ तक्रारपेटीबद्दल विचारले तर त्यांनी नोंदवही काढून दाखवली. दर महिन्याच्या पानावर एकच शब्द : निरंक. त्या वहीत तक्रारीच्या प्रकारांचे रकाने होते. त्यात जातीवरून होणाऱ्या वागणुकीचा रकानाच नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीसाठी रकाना नाही ती घडत नाही, आणि घडत नाही म्हणून रकान्याची गरज नाही. असा हा बंदोबस्त आहे!

त्या मुख्याध्यापकांना आम्ही दुष्ट माणूस म्हणणार नाही. ते मनापासून बोलत होते, आणि खरी अडचण तीच आहे. भेदभाव म्हणजे कोणीतरी शिवी देणे, कोणीतरी हात उगारणे, एवढीच कल्पना असेल, तर पुकाऱ्यात, रकान्यात आणि पंगतीत बसलेला भेदभाव दिसणारच कसा? त्याला नाव द्यायला शिकवणारा अभ्यासक्रमच आपल्याकडे नाही.

इंग्लंडमध्ये काय झाले?

हा पेच फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये नागरिकत्वाचे शिक्षण शाळांत सक्तीचे करताना वंशवादाच्या बाबतीत हाच पेच उभा राहिला होता. त्यांचा अनुभव आपण डोळसपणे पाहिला पाहिजे. तिथल्या सरकारचे अनुकरण करावे म्हणून नव्हे, तर त्यांची गाडी कुठे अडली ते कळावे म्हणून.

२२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्थम भागात बसथांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने खून केला. पोलिसांनी तपासात हेळसांड केली. आई-वडिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे चौकशी बसली. फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅक्फर्सन चौकशीचा अहवाल आला आणि त्याने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक वंशवादाचा ठपका ठेवला. या शब्दाचा अर्थ समजून घ्या. एखादा पोलीस वाईट आहे, एवढाच तो आरोप नव्हता. संस्थेची रीत, तिची सवय, तिचे अज्ञान आणि तिचा निष्काळजीपणा यांतून एका समाजाला सतत कमी न्याय मिळतो, मग आतल्या माणसांचा हेतू काहीही असो, असे ते निदान होते. खुनातल्या दोघांना शिक्षा व्हायला मात्र जानेवारी २०१२ उजाडावे लागले.

अहवालात ७० शिफारशी होत्या आणि त्यातल्या काही थेट शाळांबद्दल होत्या. राष्ट्रीय अभ्यासक्रमात वंशवाद रोखण्याच्या हेतूने बदल करा. प्रत्येक शाळेने वंशवादी घटनांची नोंद ठेवावी, ती पालकांना आणि शिक्षण प्रशासनाला कळवावी आणि असे आकडे दरवर्षी शाळानिहाय प्रसिद्ध करावेत. पोलिसांची चौकशी करणारा न्यायाधीश शाळेपर्यंत का पोहोचला? कारण पोलीस आकाशातून पडत नाहीत. ते शाळेतूनच येतात, आणि खून करणारी पोरेही शाळेतूनच येतात.

आता दुसरा अहवाल पाहा. मॅक्फर्सनच्या पाचच महिने आधी, सप्टेंबर १९९८ मध्ये, राज्यशास्त्राचे नामवंत प्राध्यापक बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शाळांमधल्या नागरिकत्वाच्या आणि लोकशाहीच्या शिक्षणावर अहवाल दिला. त्याने तीन सूत्रे सांगितली : सामाजिक व नैतिक जबाबदारी, समाजकार्यातला सहभाग आणि राजकीय साक्षरता. या आधारावर २००२ पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत हा विषय सक्तीचा झाला. क्रिक हे लोकशाहीचे प्रामाणिक पुरस्कर्ते होते आणि त्यांचा अहवाल अनेक अर्थांनी चांगला होता. पण लोकशाहीवरच्या त्या अहवालाने वंशवादाच्या प्रश्नाला हातच घातला नाही. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना समजून घ्यावे, सहन करावे. अल्पसंख्याकांनी इथले कायदे आणि रीती शिकून घ्याव्यात, असा त्याचा सूर होता. ऑड्री ऑस्लर आणि ह्यू स्टार्की या शिक्षणतज्ज्ञांनी यावर कठोर टीका केली. त्यांचा मुद्दा साधा होता : वंशवाद हा लोकशाहीलाच धोका आहे, मग लोकशाहीच्या शिक्षणातून तो वगळता कसा येईल?

वर्गात थेट वंशवादविरोध शिकवायला गेलो तर उलट भडका उडेल, असा विचार क्रिक यांनी पुढे मांडला. आपल्या शिक्षकांच्या तोंडचे वाक्य आठवले ना? ‘शाळेत जात काढू नका, मुलांच्या मनात विष कालवू नका.’

म्हणजे इंग्लंडमध्ये दोन कागद तयार झाले. एका कागदावर लोकशाही होती, पण वंशवाद नव्हता. दुसऱ्यावर वंशवादाचे निदान होते. सरकारने काय केले? दुसऱ्या कागदावरच्या रोगासाठी पहिल्या कागदावरचे औषध दिले. वंशवाद रोखण्यासाठी काय करता, असे विचारले की नागरिकत्वाच्या नव्या विषयाकडे बोट दाखवले गेले. आमच्या मुख्याध्यापकांनी उद्देशिकेकडे बोट दाखवले, अगदी तसेच. पुढे २००७ मध्ये कीथ अजेग्बो यांच्या समितीने ओळख आणि विविधता हे चौथे सूत्र जोडायला सांगितले. आणि २०१४ मध्ये शाळांना ‘ब्रिटिश मूल्ये’ रुजवण्याचा आदेश आला : लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्पर आदर व सहिष्णुता. ही मूल्ये ब्रिटिश कधीपासून झाली, हे तिथल्या वसाहतींमधल्या लोकांना विचारावे! मूल्यांवर देशाचा शिक्का मारला की भेदभाव करणाऱ्याची झडती बाजूला राहते. भेदभाव सोसणाऱ्या मुलालाच तू पुरेसा इथला आहेस का, ते सिद्ध कर, असे सांगितले जाते.

तिथेही जात आली

इंग्लंडच्या या गोष्टीत आपला धागा थेट आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात, वंशाच्या व्याख्येत जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना देणारी तरतूद झाली. तिथल्या आंबेडकरवादी, रविदासिया आणि वाल्मीकी समाजातल्या कार्यकर्त्यांनी जोर लावला, आणि २०१३ मध्ये संसदेने त्या अधिकाराचे कर्तव्यात रूपांतर केले. त्याआधी सरकारने पर्याय काय पुढे केला होता? कायदा नको, प्रबोधनाचा कार्यक्रम घेऊ! शेवटी जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की कायद्यात जात घालणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर भागवू. तो शब्द कायद्यात नको म्हणून सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता? तिथल्या हिंदू संघटनांचा. गोऱ्याने रंगावरून हिणवले तर तो वंशवाद, आणि आपण जातीवरून हिणवले तर ती संस्कृती, असा हा दुहेरी हिशेब आहे. अमेरिकेतही सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी परत पाठवले.

जात आणि वंश एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी जातीचा वांशिक सिद्धांत खोडून काढला होता. पण म्हणून त्यांनी जगातल्या इतर पीडितांशी नाते तोडले नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘वंशपरंपरा’ हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. त्या कराराचे सातवे कलम सांगते की भेदभावाला जन्म देणाऱ्या पूर्वग्रहांशी लढण्यासाठी शिक्षणाच्या क्षेत्रात राष्ट्रांनी तातडीने पावले उचलावीत. भारताने १९६८ मध्ये तो करार मान्य केला. आणि २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत जातीचा विषय नको म्हणून हटून बसले तेही आपलेच सरकार.

आपल्या पुस्तकांचा प्रवास

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने जुन्या नागरिकशास्त्रावर बरोबर बोट ठेवले : तो विषय इंग्रजी राजवटीत निष्ठावान प्रजा घडवण्यासाठी आला होता. त्यानंतर एनसीईआरटीने काढलेल्या सहावीच्या पुस्तकात एक गोष्ट होती. नऊ वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघतो, रेल्वे स्टेशनवर उतरतो, आणि महार असल्याचे कळताच दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाहीत. सातवीच्या पुस्तकात ओमप्रकाश वाल्मीकींच्या शाळेतला अनुभव होता. वर्गात ही पाने वाचली गेली की मुले बोलू लागतात, असे ती शिकवणारे शिक्षक आम्हाला सांगत. आपल्यासारखाच नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याला नाकारणारा गाडीवान! यावर सवर्ण मूलही विचार करते.

पण २०२२ मध्ये अभ्यासाचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या राज्यशास्त्रातून लोकशाही व विविधता, लोकसंघर्ष व चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने ही प्रकरणे काढली. ओझे हलके करताना नेमकी हीच प्रकरणे जड का वाटावीत? त्याच वर्षी संविधान दिनाला विद्यापीठांत ‘भारत : लोकशाहीची जननी’ यावर व्याख्याने ठेवायला सांगितले गेले, आणि सुचवलेल्या विषयांत खाप पंचायतींची लोकशाही परंपराही होती. ज्या खाप पंचायती आंतरजातीय लग्नावरून पोरांना गावाबाहेर काढतात, त्या लोकशाहीच्या परंपरा! आपल्या राज्यात दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण आहेत. लोकशाहीचे वजन किती, ते यावरून समजावे.

महाडचा धडा

नागरिकत्वाचे शिक्षण कसे असते, हे या महाराष्ट्राला बाबासाहेबांनी महाडला शिकवले. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे ठीक होते. आजच्या भाषेत अहवाल निरंक होता. कोणी तळ्यावर गेलेच नाही, मग अडवल्याची नोंद होणार कुठून? २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागे तळ्यावर चालत गेली, तेव्हा त्या ठरावाची खरी किंमत कळली. माणसांवर हल्ले झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. हक्क वाचणे आणि हक्क वापरणे यांतले अंतर त्या दिवशी सगळ्यांना दिसले. नागरिकशास्त्राचे काम हे अंतर दाखवण्याचे आहे, झाकण्याचे नाही.

बाबासाहेब नोंदीलाही तेवढेच महत्त्व देत. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना प्रतिनिधित्व हा नागरिकत्वाचा गाभा असल्याचे त्यांनी मांडले. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून त्यांनी अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थितीच्या चौकशीत भाग घेतला. अन्याय झाला असे नुसते म्हणून ते थांबत नसत. कुठे, कोणी, कसा, हे ते लिहून ठेवत.

‘मुलांना जात शिकवू नका’

या मांडणीवर हमखास येणारा आक्षेप असा : लहान मुले निरागस असतात, त्यांना जात शिकवली तर जातीयवाद वाढेल. आमचा प्रश्न आहे की जात मुलांना कोण शिकवते? घर शिकवते, पंगत शिकवते, आडनाव विचारणारा शेजारी शिकवतो, ‘सवलतवाले उभे राहा’ म्हणणारी शाळा शिकवते. जातीचे शिक्षण रोज चालूच आहे. बंद आहे ते जात मोडण्याचे शिक्षण.

महाविद्यालयांसाठी निदान यूजीसीचे २०१२ चे समता विनियम आले, भेदभावविरोधी अधिकारी नेमायची तरतूद झाली. ती कागदावरच राहिली. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला, डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली, आणि त्यांच्या आयांना अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. शाळांसाठी तर तेवढेही नाही. शिक्षण हक्क कायदा दुर्बल घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो, पण भेदभाव झाला हे ठरवायचे कसे आणि लिहायचे कुठे, याची साधी चौकट आम्हाला आमच्या भागातल्या एकाही शाळेत दिसलेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. प्रत्येक शाळेच्या तक्रार नोंदवहीत जातीय भेदभावाचा स्वतंत्र रकाना असावा, आणि बसण्याची जागा, पाणी, पोषण आहार, कामाची वाटणी, हाक मारण्याची पद्धत यांसह त्याची व्याख्या भिंतीवर लावावी. शून्य तक्रारींचा अहवाल शाळा व्यवस्थापन समितीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या पालकांच्या सहीशिवाय स्वीकारू नये. शिष्यवृत्तीचा आणि जातीच्या दाखल्याचा पुकारा वर्गात करू नये. ते काम पालकांशी कार्यालयात व्हावे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात जात हा विषय आजच्या काळातला म्हणून यावा. आणि अनुच्छेद १७ शिकवताना आजची उदाहरणे द्यावीत, मुलांना बोलू द्यावे.

हे सरकार आपणहून करील, अशी आशा आम्ही धरत नाही. मॅक्फर्सन अहवालामागेही एका आई-वडिलांची सहा वर्षांची पायपीट होती. आपल्या गावात सुरुवात आपणच करायची आहे. पुढच्या पालकसभेला जा. तक्रार नोंदवही पाहायला मागा. जिथे ‘निरंक’ लिहिले असेल तिथे विचारा की हे कोणाला विचारून लिहिले? तुमच्या मुलामुलींना विचारा, त्यांना बोलायला वेळ द्या, आणि ते सांगतील ते तारीख घालून लिहून शाळेला द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.

जय भीम! जय संविधान!